शेवटची अट

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एक महायुद्ध, एक तह आणि एक लाकडी कपाट यांचे वर्णन येणार आहे. युद्ध इतिहासातले आहे, तह नववीच्या वर्गातला आहे आणि कपाट घरातले आहे. या तिन्हींची गाठ एकाच दिवशी कशी पडली, ते लेखकाच्या अल्प मतीस जसे उमगले तसे येथे सादर निवेदन केले आहे.

इतिहासाचे सर बाक ओढत होते. शाळा भरण्यास अद्याप अवकाश होता. सर प्रत्येक बाक असा वळवीत होते, की खिडकीकडची रांग दाराकडच्या रांगेसमोर तोंड करून उभी राहावी. मध्ये मोकळी पट्टी उरली, तिच्या ऐन मध्यभागी त्यांनी डस्टर ठेवला, दोन पावले मागे सरून पाहिले, आणि पुन्हा जाऊन तो बोटभर सरकवला.

"अहो सर, कुणाला तरी हाक मारायची ना! या वयात बाक ओढताय," दारातून मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"माझं युद्ध मीच मांडतो," सर म्हणाले. "शेवटचंच आहे."

महिनाअखेर सर निवृत्त व्हायचे होते. तीसएक वर्षे त्यांनी पहिले महायुद्ध याच रीतीने शिकवले, आणि त्यामुळेच साऱ्या गावात ते 'खंदक सर' म्हणून ओळखले जात. रीत अशी, की दोन्ही रांगांनी आपापल्या बाकांमागे वाकून बसायचे. हा खंदक. मधली पट्टी कोणाचीच नाही. ज्या बाजूचे कोणी आधी हसेल वा बोलेल ती बाजू हरली. जिंकलेल्यांनी मग तह लिहायचा, आणि त्यातल्या अटी हरलेल्यांनी आठ दिवस निमूटपणे पाळायच्या. फळा पुसणे, पाणी आणून देणे, वर्गात शेवटी शिरणे. आठवड्याअखेर वर्गात अशी काही धुसफूस माजे, की कोणाची बाटली नाहीशी होई, कोणाचा सदरा शाईने भरे. तेव्हा सर हरलेल्यांना उभे करून विचारीत, "कुठली अट जास्त लागली रे?" फळ्याचे नाव कोणी घेत नसे. ज्या अटीने जिंकलेल्यांचा काडीइतकाही फायदा झाला नव्हता, जी नुसती जाता जाता शेवटी घातलेली असे, नेमकी तीच प्रत्येकाच्या ओठांवर येई. मग सर खडू उचलीत आणि फळ्यावर लिहीत : दुसरे महायुद्ध, कारणे.

मुख्याध्यापिका स्वतः याच वर्गात शिकलेल्या होत्या. त्यांनी एका बाकाच्या कडेवरून हात फिरवला.

"मी इथं बसले होते सर. आम्ही हरलो होतो. आठ दिवस जिंकलेल्यांची दप्तरं फाटकापासून वर्गापर्यंत वाहिली."

"आठवतंय. शेवटची अट होती ती."

"ज्यानं ती घातली ना, तो आता माझा नवरा आहे. पण गावाला निघालो की त्याची बॅग मी उचलत नाही. पिशवी असली तरी नाही. तो म्हणतो, अगं किती वर्षं झाली! मी म्हणते, मोजत बस."

त्या हसत हसत निघून गेल्या. सरही हसले, तथापि ते हसू फार वेळ टिकले नाही. त्यांच्या कानात आदल्या संध्याकाळचा आवाज घुमत होता. भिंतीपलीकडचा, पेचकसाचा, कुरकुरणाऱ्या जुन्या लाकडाचा आवाज.

त्या आवाजाचा खुलासा येथेच करणे उचित ठरेल.

सरांचे घर वरच्या मजल्यावर. पुढचा रुंद दगडी जिना रस्त्यावर उतरतो, मागचा अरुंद लोखंडी जिना बोळात. वडील गेल्यावर सर आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्यात वाटणी झाली, तेव्हा निवाडा करायला मामा आले होते. निवाडा सरांच्या बाजूने गेला. पुढच्या खोल्या आणि गॅलरी थोरल्याला, मागच्या खोल्या धाकट्याला. पुढचा जिना मात्र दोघांचा, असे मामा म्हणाले. धाकटा बस डेपोत मेकॅनिक होता. तो उठता उठता बोलून गेला, "दादा, तू घरातसुद्धा मास्तरच. आम्ही आपले बाकावर उभे." ते बोलणे सरांना फार झोंबले. सगळे मनासारखे पदरात पडलेले असताना ते म्हणाले, "मामा, आणखी एक. यापुढं यानं पुढच्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही."

"एवढं कशाला ताणतोस?" मामा म्हणाले.

"असू दे. लक्षात राहील."

धाकट्याच्या लक्षात राहिले. त्यानंतर त्याने पुढच्या जिन्यावर पाय ठेवला नाही. एकदा पायाला प्लास्टर होते, तेव्हा तो मागचा जिना एकेका पायरीवर बसत बसत उतरला. सरांनी ते गॅलरीच्या टोकावरून पाहिले होते आणि आत येऊन पंख्याचा वेग वाढवला होता. भाऊ भावाशी बोलेनासा झाला. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत एक लहानशी खिडकी राहून गेली होती, तिच्यातून दोघी जावांच्या वाट्या मात्र अखंड इकडून तिकडे जात राहिल्या. सरांना त्यातले काही दिसत नसे. ताटात कधीकधी दुसऱ्या हाताची चव लागे, आणि ते न बोलता जेवत.

आता धाकटा कायमचा लेकीकडे राहायला निघाला होता. त्याच्या गुडघ्यांना तो जिना झेपेनासा झाला होता. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी टेम्पो यायचा होता.

आदल्या संध्याकाळी पेचकसाचा आवाज सुरू झाला, तेव्हा सर वर्तमानपत्र वाचत होते.

"भाऊजी सासूबाईंचं कपाट खोलतायत," सरांची पत्नी म्हणाली.

"ऐकू येतंय मला."

"मागच्या जिन्याच्या वळणावर अडकतं. मोजून बघितलं त्यांनी. फळ्या सुट्या करून नेणार म्हणे."

"मेकॅनिक आहे तो. जोडेल परत."

"बसचं दार आहे का ते? इतकं जुनं लाकूड. एकदा स्क्रू निघाले की भोकं परत धरत नाहीत. तिकडं जाऊन ते कपाट कसलं, फळ्यांचा ढीग व्हायचा."

"मग त्यानं म्हणावं की, दादा, पुढून नेऊ का. मी काय नाही म्हणणार आहे?"

"ते नाही विचारायचे. अट कुणी घातली होती?"

सरांनी वाचून झालेले पान पुन्हा वाचायला घेतले.

"मुलांना एवढे तह शिकवता," पत्नी आत जाता जाता म्हणाली, "त्यातला एखादा घरी घेऊन या कधीतरी."

घंटा झाली. नववीचा वर्ग आत लोटला, आणि बाकांची रचना पाहताच एकच गलका उठला. कारण थोरल्या बहीणभावांकडून सर्वांनी खंदकाची ख्याती ऐकली होती. खिडकीकडच्या रांगेचे नेतृत्व एका मुलीकडे आपोआप गेले. तिचा आवाज असा होता, की मैदानाच्या या टोकाला ती बोलली तर त्या टोकाचा खेळ थांबे. तिला सगळे 'तोफ' म्हणत. दाराकडच्या रांगेचा म्होरक्या एक उंच, किडकिडीत मुलगा होता; त्याचे नाव 'काडी'.

"तोफेला गप्प बसायचंय म्हणे! सर, आम्ही आत्ताच जिंकलो," काडी म्हणाला.

"तू आधी बाकामागं माव," तोफेने उत्तर दिले.

"खंदकात बसा," सर म्हणाले, आणि सारी डोकी खाली गेली.

सर मधल्या पट्टीच्या कडेने संथपणे चालू लागले. आवाज न चढवता ते सांगू लागले. खंदकात चिखल होता, उंदीर होते. पायातले बूट दिवसचे दिवस निघत नसत. जे आत बसले होते त्यांतले कित्येक तुमच्याहून चारपाच वर्षांनीच मोठे होते. समोरचा शत्रू कधीकधी इतका जवळ असे, की त्याचा खोकला ऐकू येई. आणि तोही ओला होता, त्यालाही घरची आठवण येत होती. एवढे सांगून ते थांबले. "आता शांतता," असे म्हणून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

वाकलेल्या पाठी आणि वेण्या यांच्याकडे बघताना सरांना त्या जागी निराळ्याच पाठी दिसू लागल्या. हसू दाबण्यासाठी स्वतःचे नाक चिमटीत धरून लाल झालेला, आज औषधांच्या दुकानात उभा असणारा मुलगा. मैत्रीण समोरच्या रांगेत गेली म्हणून खरोखरच रडलेली मुलगी. आणि तो न्हावी! त्याच्यापायी त्याची बाजू हरली होती. आज त्याच्या स्वतःच्या डोक्यावर कापण्याजोगे केस उरले नाहीत, तरी सरांच्या मानेला कात्री लावली की तो दर खेपेस म्हणे, "सर, मी हसलो नव्हतो. शिंकलो होतो. निकाल बदला." आणि सर दर खेपेस म्हणत, "निकाल लागला की लागला."

वर्गात पानही सळसळत नव्हते. कोणाची तरी पाण्याची बाटली गडगडत मधल्या पट्टीवर आली आणि डस्टरला टेकून थांबली. कोणी हलले नाही. असा बराच काळ लोटला. आणि मग त्या गंभीर शांततेत एक लांबलचक, वळणावळणाचा आवाज आला, गुर्रर्र, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा वर गेला.

दाराकडची रांग फुटली. एकजण हसला आणि मग सगळे बाकांवर डोकी आपटू लागले.

"पोट बोललं सर! मी नाही!" काडी ओरडला.

"पोट कुणाचं?"

"माझंच, पण..."

"मग हरलात," सर म्हणाले. "आणि हसलात ते वेगळंच."

खिडकीकडची रांग तह लिहायला एका बाकाभोवती जमली. या वेळी दर वर्षी भांडणे होत. एकेक अट सुचली की आरोळी उठे, आणि सरांना दोनदा तरी टेबल वाजवावे लागे. यंदा तोफेने काहीतरी विचारले, दोघातिघांनी माना डोलावल्या, आणि ती कागद घेऊन उभी राहिली.

"झाला सर."

"इतक्यात?"

"तीनच आहेत. एक, बाक दोन्ही बाजूंनी मिळून परत लावायचे. दोन, फळा पाळीपाळीनं पुसायचा. तीन, काडीला मधल्या सुट्टीच्या आधी काहीतरी खायला द्यायचं, म्हणजे परत असं व्हायचं नाही."

वर्ग खदखदला. काडी उभा राहून वाकून नमस्कार करू लागला. सर हसले नाहीत.

"हा तह नाही," ते म्हणाले. "तुम्ही जिंकलात. हरलेल्यांनी काय करायचं, ते लिही."

"लिहिलंय की सर. फळ्यात त्यांची पण पाळी आहे."

"निदान आणखी एक अट घाल. शेवटची. जिंकल्याची काही खूण नको?"

तोफेने कागदाकडे पाहिले, मग आपल्या रांगेकडे. तिला खरोखरच काही सुचत नव्हते.

"कशाला सर? आता काय उरलंय? दप्तर उचलायला लावलं तर हा मुद्दाम आपटणार. माझा डबा सांडणार. मग मी याचं टाळकं फोडणार. आणि पुढच्या वर्षी दहावीत परत हाच समोर. रोज तोंड बघायचंय ना!"

"मग पुढच्या आठवड्यात मी दुसरं महायुद्ध शिकवू कसं?"

हे वाक्य सरांच्या तोंडून निसटले. तीस वर्षांत त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता.

"पुस्तकातनं शिकवा ना सर," तोफ अगदी सरळपणे म्हणाली.

आता मात्र दोन्ही खंदक एकदमच हसले. सरांनी मधल्या पट्टीवरचा डस्टर उचलला. दर वर्षी तो हरलेल्यांच्या हाती देण्याचा प्रघात होता. तो कोणाकडे द्यावा हे त्यांना कळेना. क्षणभर तो तसाच धरून ते उभे राहिले, आणि मग वळून त्यांनी स्वतःच फळा पुसला, वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसकट. त्यांच्या पाठीमागे दोन्ही बाजूंची मुले बाक ओढू लागली होती. काडी आणि तोफ यांनी एकाच बाकाची दोन टोके धरली होती, आणि कोणी आधी वळावे यावरून त्यांचे वाजत होते.

शाळा सुटल्यावर सर नेहमीच्या वाटेने निघाले. न्हाव्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसले होते. सर उंबऱ्याशी थांबले.

"या सर. पण आत्ता परवाच तर कापले," न्हावी म्हणाला.

"कापायला नाही आलो. तू शिंकलाच होतास."

वस्तरा हवेत थांबला. गिऱ्हाईकाने आरशातून आधी याच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिले.

"सर, हे आता सांगताय?"

"राहून गेलं होतं."

"म्हणजे आम्ही हरलो नव्हतो?"

"नव्हता."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला, हात टॉवेलला पुसले, आणि काय करावे हे न सुचून ते पुन्हा पुसले. "बरं झालं सर," तो हळूच म्हणाला. "बाकीच्यांना कळवतो."

सर पुढे चालू लागले. घराशी आल्यावर पुढच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, आणि काढून घेतला. मग ते बोळात वळले.

वाटणीनंतर सर या जिन्याने कधी चढले नव्हते. लोखंड गंजले होते. परंतु प्रत्येक पायरीवर बसच्या जुन्या टायरची पट्टी नेमकी कापून बसवलेली होती, पाय घसरू नये म्हणून. वळणावर, जेथे धाप लागते, तेथे भिंतीत बसमधला उभ्या प्रवाशांनी धरायचा दांडा ठोकलेला होता. त्याचा रंग मधोमध उडून धातू चकचकीत झाला होता. सरांनी तो धरला. त्यांचा हात बरोबर त्या चकचकीत जागीच पडला. ते तेथे बराच वेळ उभे राहिले. त्याचे कारण केवळ धाप हेच होते असे म्हणवत नाही.

दार धाकट्या जावेने उघडले. तिचा हात तोंडावर गेला.

"अहो, बघा कोण आलंय," ती आत ओरडली. "आणि मागनं आलेत!"

धाकटा जमिनीवर पाय पसरून बसला होता. आरशाचे दार भिंतीला टेकवलेले होते, आणि निघालेले स्क्रू एका वाटीत जमा केले होते. वाटीच्या कडेला पोचा होता. सरांनी ती ओळखली. ती त्यांच्याच घरची होती.

"दादा, तू इकडनं कशाला चढलास? गुडघे दुखतील."

"तुझे नाही दुखत?"

"माझे सवयीचे झाले."

सर खाली बसले. बसायला त्यांना वेळ लागला, आणि धाकट्याने नकळत हात पुढे केला नि मागे घेतला.

"वळणावर अडकतं म्हणे," सर कपाटाकडे बघत म्हणाले.

"चार बोटं. चारच बोटं जास्त भरतात."

"पुढच्या जिन्यावर नाही अडकत. आईनं आणलं तेव्हा आपणच चढवलं होतं. तू खालनं धरलं होतंस, मी वरनं."

"छे! वरनं मी होतो. खालनं तू. आणि जिनाभर ओरडत होतास."

"ओरडत नव्हतो. सूचना देत होतो."

"मास्तर," धाकटा म्हणाला.

शब्द तोच होता. सरांनी वाटीतला एक स्क्रू उचलला, त्यावरची लाकडाची भुकटी फुंकरीने उडवली आणि मोकळा हात भावापुढे केला.

धाकट्याने पेचकस उचलला, पण दिला नाही.

"खोलायला, की बसवायला?"

"भोकं अजून धरतील का?"

"आज धरतील. कालच तर निघालेत."

"मग दार उचल," सर म्हणाले. "आणि उद्या वरनं तू धर. टेम्पोवाल्याला सांग, रस्त्यावर लाव म्हणून."

धाकटा आरशाच्या दाराकडे वळला आणि बराच वेळ वळलेलाच राहिला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातली ती लहानशी खिडकी उघडली. पलीकडून एक हात आत आला, हातात झाकण ठेवलेली वाटी होती. कोणीतरी घ्यावी म्हणून तो हात वाट पाहत राहिला. मग पलीकडच्या व्यक्तीने वाकून आत डोकावले असावे, कारण हात जागच्या जागी थबकला. तो हळूहळू मागे गेला. पलीकडून डबा उघडल्याचा, पळी आपटल्याचा आवाज आला.

परत आले तेव्हा दोन हात होते, आणि दोन वाट्या.

वाचकहो, कथा येथे पूर्ण झाली. ज्यांनी ती शेवटपर्यंत वाचली त्यांचे मनःपूर्वक आभार. भाषेत जेथे उणे असेल तेथे माझे शिक्षण उणे आहे असे समजून क्षमा असावी.

आपला नम्र,
दौलत पेंटर